मासिकाचं ‘वर्ष’ की ‘खंड’? संदर्भ लिहिताना काय वापरायचं

नमस्कार मंडळी. शिवाजी विद्यापीठात मराठीत पीएचडी करतेय, सध्या संदर्भसूचीत अडकलेय. इंग्रजीत व्हॉल्यूम म्हणतात त्याला आपल्याकडं ‘खंड’ लिहायचं की ‘वर्ष’? दोन प्रबंध बघितले, एकात हे आणि दुसऱ्यात ते. आणि ‘वर्ष ४१’ लिहिलं की परत सन लिहायचा का?

—

ताई, मराठी मासिकाला ‘वर्ष’च लिहा. अंकावर संपादकांनीच ‘वर्ष एक्केचाळिसावे, अंक सातवा’ असं छापलेलं असतंय, ते जसंच्या तसं घ्यायचं. खंड म्हटलं की आपल्याला विश्वकोशाचा नाहीतर समग्र वाङ्मयाचा खंड आठवतो, म्हणजे वाचणारा पुस्तकांच्या कपाटाकडं जाणार आणि तुमचा लेख पडलाय नियतकालिकांच्या विभागात. अंकावरच खंड छापलं असेल तर मात्र खंड, तिथं आपलं डोकं लावायचं नाही.

सन लिहायचाच, आणि महिनाही. मासिकाचं वर्ष म्हणजे त्याचं वय, कॅलेंडरचं साल नव्हे. जुलैत सुरू झालेल्या मासिकाचं वर्ष जुलैतच बदलतं, म्हणजे १९८८ सालच्या अंकांत अर्धे एका वर्षाचे आणि अर्धे पुढच्या. शिवाय मधे बंद पडून परत सुरू झालं असेल तर सनावरनं वर्ष काढायचा हिशोब चुकलाच म्हणून समजा. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ ला निघालं आणि १९३७ पर्यंत चाललं, तिथं नुसतं ‘अंक ५’ लिहून कुणाला काय सापडणार?

मी असं लिहितो: आडनाव, नाव, ‘लेखाचं शीर्षक’, मासिकाचं नाव, वर्ष ४१, अंक ७, जानेवारी १९८८, पृ. २३-३१. लेखाला अवतरणचिन्ह, मासिकाचं नाव तिरक्या टायपात. सूचीत पूर्ण लेखाची पानं द्यायची आणि तळटीपेत ज्या पानावरचं वाक्य घेतलंय तेवढंच पान. जोडअंक असला तर ‘अंक ३-४’, त्यातला एकच आकडा उचलू नका.

आणि एक, बांधीव फाईलवरनं नोंदी घेत असाल तर जपून. बाइंडिंग करताना बऱ्याचदा मुखपृष्ठं काढून टाकतात, आणि तारीख नेमकी मुखपृष्ठावर असते! मग आतलं संपादकीय, अनुक्रमणिका, वर्गणीची सूचना चाळून महिना शोधावा लागतो. वेळ जातो पण शोधायचाच, अंदाजानं महिना घालणं म्हणजे पुढच्या माणसाला चुकीच्या रस्त्याला लावणं.

—

सर, जुन्या अंकावर नुसता शके असेल तर? आणि दैनिकाच्या पुरवणीचं काय करायचं?

—

छापलेला शके तसाच ठेवायचा आणि शेजारी चौकटी कंसात इसवी सन. चैत्रापासनं डिसेंबरपर्यंत शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासनं फाल्गुन संपेपर्यंत ७९. म्हणजे भाद्रपद शके १८१० हे १८८८ साल, पण माघ शके १८१० हे १८८९. सरसकट ७८ मिळवलेले संदर्भ लई दिसतात, माघ-फाल्गुनाचे सगळे लेख एक साल मागं जातात त्यानं.

दैनिकाला वर्ष-अंक नसले तरी चालतंय, पूर्ण तारीख मात्र पाहिजे आणि आवृत्ती पाहिजे. कोल्हापूर आवृत्तीत पान ४ ला आलेला लेख पुणे आवृत्तीत दुसऱ्या पानावर असू शकतो, कधी नसतोच. म्हणून ‘कोल्हापूर आवृत्ती, रविवार पुरवणी, पृ. ४’ असं स्पष्ट लिहा.

—

धन्यवाद सर. तळटिपांतल्या ‘तत्रैव’ आणि ‘उनि’ यांत नेहमी गोंधळ होतो.

—

तत्रैव म्हणजे लगेच वरच्या टिपेतलाच संदर्भ, मधे दुसरी टीप आली की तत्रैव संपलं. उनि म्हणजे उपरिनिर्दिष्ट, आधी कुठंतरी येऊन गेलेला, म्हणून त्याच्याआधी लेखकाचं आडनाव लागतंच. एकाच लेखकाचे दोन लेख घेतले असतील तर आडनाव आणि उनि एवढ्यानं कुठला लेख ते कळत नाही, तिथं लेखाचं छोटं शीर्षक लिहा. प्रबंध टाईप करताना टिपा खालीवर सरकतात आणि तत्रैव भलत्याच लेखाला जाऊन चिकटतं, त्यामुळं लिहिताना सगळीकडं आडनाव आणि छोटं शीर्षकच ठेवा, तत्रैव अगदी शेवटच्या प्रुफाला घाला. एपीए किंवा एमएलए ही संदर्भ लिहायची अमेरिकन पद्धत मागितली असेल तर तत्रैव आणि उनि दोन्ही लागतच नाहीत, तेवढं तुमच्या गाईडना आधी विचारून घ्या.