चित्रांची पुस्तकं, मुलं आणि पैसे: तुमच्याकडे काय काय घडलं?

निळीशाई
भाचीने आज व्हिडिओ पाठवला, तिची लेक पुस्तकातल्या बरणीवर बोट ठेवून "अजून भलली नाई" म्हणतेय आणि पान उलटूच देत नाहीये. तो बघितला आणि माझी लेक त्या वयाची होती ते सगळं धडाधड आठवलं. पुस्तक तेच, व्हेरा विल्यम्सचं 'अ चेअर फॉर माय मदर', १९८२ चं. घराला आग लागते, सामान जातं, मग आई, आजी आणि मुलगी एका भल्यामोठ्या बरणीत चिल्लर साठवतात, एका मऊमऊ खुर्चीसाठी. मी चित्रं दाखवत मराठीतून सांगायचे. लेकीला आगीचं काही नाही, खुर्चीचंही नाही, तिला फक्त बरणी! आईला टिप मिळाली की बरणीत, आजीला बाजारात काही स्वस्त मिळालं की वाचलेले पैसे बरणीत, मुलगी आईच्या हॉटेलात छोटी कामं करते तर तिच्या कमाईतले अर्धे बरणीत. हे "अर्धे" लेकीने बरोब्बर पकडलं. "सगळे का नाही टाकले?" म्हटलं, उरलेले तिचे तिला खर्चायला. बराच वेळ गप्प, आणि मग पुढे कित्येक दिवस जे हातात येईल त्याचे दोन ढीग, मणी असोत की शिंपले. बचतीवर मी एक अक्षर बोलले नव्हते. "पैसे जपून वापर" हे सांगून त्या वयात काही पोचत नाही असं माझं अजूनही मत आहे, काहीतरी हळूहळू भरताना किंवा संपताना डोळ्यांना दिसावं लागतं, आणि चित्रात ते दिसतं. तुमचे अनुभव लिहा ना. तीन ते आठ वयाचे जास्त आवडतील, पण मोठ्यांचेही चालतील.

दोघांचीआई
धाकटा झोपलाय तोवर पटकन. थोरल्याने दुकानाच्या चित्रात बघितलं की बाईने एक नोट दिली आणि दुकानदाराने मूठभर नाणी परत दिली. झालं, दुकानदार फार चांगला माणूस, वस्तू पण देतो आणि वर जास्त पैसे पण देतो. मग मी सुटे नाहीत म्हटलं की "चल ना दुकानात, पैसे आणूया". किती समजावलं, ऐकेचना. उठला वाटतं, येते नंतर

सायंतारा
हाहा आमच्याकडे एटीएम! भिंतीला भूक लागली की कार्ड खाते आणि पोट भरलं की पैसे देते, असं सविस्तर सांगून झालंय सगळ्या पाहुण्यांना.

बालवर्ग
दोघांचीआई, तुमचा लेक एकटा नाही हो. बर्ती आणि बॉम्बी या इटालियन संशोधकांनी मुलांच्या पैशाबद्दलच्या समजुतींवर १९८८ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलंय, सुटे म्हणजे दुकानदाराने दिलेले पैसे असं समजणारी मुलं त्यातही भेटतात. शिवाय या वयात जास्त नाणी म्हणजे जास्त पैसे, एकीकडे एक मोठ्या किमतीचं नाणं ठेवा आणि दुसरीकडे चार बारकी, तर बहुतेक जण बारकीच उचलतात. मी वर्गात बाजाराची गोष्ट वाचते तेव्हा पुस्तकाशेजारी बटणं मांडते. गोष्टीतल्या मुलाने काही घेतलं की एक जण उठून बटण उचलतो आणि दुकानदाराच्या वाटीत टाकतो. टण्ण आवाज यायला हवा, म्हणून वाटी स्टीलची. शेवटची दोन बटणं उरली की सगळे सरकत सरकत पुढे. एकदा एक मुलगी ओरडलीच, "नको घेऊ ना फुगा, मग बसने घरी कसा जाशील?" गोष्टीत बस नव्हतीच! तिने तिच्या मनाने पुढचा खर्च धरला होता. मला त्या दिवशी इतका आनंद झाला ना.

वाचकआजोबा
नातीला इसापाची मुंगी आणि नाकतोडा वाचून दाखवली. चित्रं सुंदर होती. शेवटी ती म्हणाली, "आजोबा, तो उन्हाळाभर गाणं म्हणत होता ते मुंगीला ऐकू येत होतं ना? मग त्याचे पैसे?" मी काय उत्तर देणार. पुस्तक मिटलं आणि दोघं मिळून तिच्या आईला विचारायला गेलो.

रानवारा
आजोबा, नातीला सलाम!! बचतीच्या बऱ्याच पुस्तकांशी माझं भांडण हेच आहे, साठवणारा शहाणा आणि खर्च करणारा वाया गेलेला. अरे खर्च करणं पण शिकावंच लागतं की. त्या बाबतीत मला ज्युडिथ व्हायोर्स्टचं अलेक्झांडरचं पुस्तक आवडतं, १९७८ चं, त्याला आजी-आजोबा एक डॉलर देतात, वॉकीटॉकीसाठी साठवायचं ठरवतो आणि बघता बघता सगळं जातं, पैजा हरतो, कुणाचातरी साप भाड्याने घेतो, शेवटी हातात बसची टोकनं. उपदेशाला बसतच नाही ते पुस्तक. माझा मुलगा सापाच्या पानावर दर वेळी थांबायचा आणि म्हणायचा "हे बरोबर आहे, साप घ्यायलाच पाहिजे". आणि खरंच, त्याच्या लेखी तो खर्च योग्यच होता, आपण कोण ठरवणारे

सायंतारा
साप भाड्याने मिळतो हे आमच्याकडे कळता कामा नये

पावसाळी
लिहू की नको करत होते. मध्यंतरी आमच्याकडे बरेच महिने पगार बंद होता. तेव्हा वाचनालयातून हेच खुर्चीचं पुस्तक आणलेलं, मला गोष्ट माहीत नव्हती, नुसतं मुखपृष्ठ बघून उचललं. जळलेल्या घराच्या पानावर मुलाने विचारलं, "आपलं पण काही जळलं का? म्हणून आपण काही घेत नाही का?" म्हणजे त्याच्या सगळं लक्षात येत होतं, फक्त कारण माहीत नव्हतं. मी म्हटलं नाही रे राजा, जळलं काही नाही, बाबाचं काम थांबलंय, पैसे कमी येतात, म्हणून आधी घरभाडं, मग जेवण, मग औषध, मग उरलं तर बाकीचं. त्याने कागदावर चार चौकोन काढले, घर, ताट, बाटली, आणि चौथ्यात बॉल. तो कागद फ्रिजवर लावला. बॉल हवा झाला की स्वतःच जाऊन बघायचा आणि म्हणायचा "अजून चौथ्याचा नंबर नाही आला". रडला नाही कधी त्यावरून. पुस्तक नसतं तर त्याने विचारलं असतं की नाही कुणास ठाऊक.

निळीशाई
पावसाळी, किती छान सांगितलंस गं त्याला. आता कसं आहे सगळं?

पावसाळी
आता बरं आहे ताई. बॉल पण आला.

दोघांचीआई
पावसाळी 🫂 लिहिलंस ते बरं केलंस

रानवारा
एक भर घालतो. गोड खाऊ समोर ठेवून "थांबलास तर दोन देईन" वाला प्रयोग सगळ्यांना माहीत असतो, वॉल्टर मिशेलचा. त्यावरून लोक मुलांना हावरट नाहीतर गुणी ठरवून मोकळे होतात. पण २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी आधी एक पायरी वाढवली: काही मुलांना चांगले रंग आणून देतो म्हणाले आणि आणले, काहींना म्हणाले आणि रिकाम्या हाताने परत आले. मग खाऊ ठेवला. शब्द पाळलेला बघितलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, दुसरी ३. म्हणजे न थांबणं हा त्या पोरांचा हिशोबच होता, मोठ्यांचा भरवसा नाही तर आत्ताच खा! त्यामुळे पुस्तक कितीही वाचा, मुलाच्या डब्यातून सुटे उसने घेतले तर सांगितलेल्या दिवशी परत टाकायचे, त्याच्या देखत.

वाचकआजोबा
हे फार महत्त्वाचं. आमच्या नातीचा डबा पारदर्शक आहे, त्यामुळे कोणी हात घातला की लगेच कळतं.

दोघांचीआई
आले परत. पण एक सांगा, हल्ली सगळं फोनवर. पुस्तकात नाणी, आणि आई दुकानात फोन दाखवून "टिंग" करते. थोरला म्हणतो पुस्तकातल्या आईकडे फोन नाहीये का, बिच्चारी

बालवर्ग
वही घ्या आणि घरचंच पुस्तक करा. प्रत्येक पानावर एक वस्तू आणि तिच्याखाली रिकामे गोल, फोनवर टिंग झालं की तेवढे गोल मुलाने खोडायचे. पैसे दिसत नाहीत, निदान गेलेले तरी दिसतात. चित्र तुम्हाला येत नसेल तरी चालतं, त्यांना आपली गिचमिडच जास्त आवडते.

दोघांचीआई
करते उद्याच. गोल किती ठेवू?

बालवर्ग
दहाच्या आत. मोजता आलं पाहिजे ना त्याला.

सायंतारा
विषयांतर, पण कुणाला माहीत असेल तर: वाचनालयाच्या पुस्तकाचं एक पान फाटलंय, चिकटपट्टी लावू का? लेक म्हणतोय दंड माझ्या डब्यातून देऊया, आणि डबा घेऊन दारात उभा आहे.

बालवर्ग
चिकटपट्टी अजिबात नको, काही वर्षांत पिवळी पडते आणि गोंद कागदात उतरतो. फाटलेला तुकडा त्याच पानात ठेवून तसंच घेऊन जा, ते पातळ कागद आणि खळ लावून नीट करतात. दंडाचं तिथे विचारा आधी, बहुतेक नसेल. आणि विचारायचं ते त्यालाच विचारू दे, डबा घेऊनच जा.