येणारं विमान अजून दिल्लीतच आहे, हे गेटवर सांगायला काय हरकत आहे?

लोहगावकर:
डिसेंबरात आईला घेऊन पुण्याहून दिल्लीला निघालो होतो. बोर्डिंगची वेळ टळली तरी गेटला विमान लागलेलं नव्हतं. विचारलं तर उत्तर एकच, 'ऑपरेशनल कारण'. शेजारच्या मुलानं फोनवर फ्लाइटरडार, म्हणजे कुठलं विमान कुठे आहे ते दाखवणारं ॲप, उघडून दाखवलं. आम्हाला नेणारं विमान अजून दिल्लीच्या धुक्यातच उभं होतं! ते त्या क्षणी उडालं असतं तरी यायला दोन तास, मग उतरणारे प्रवासी, सफाई, इंधन यात आणखी अर्धा-पाऊण तास. हे आम्हाला कळत होतं आणि फलकावर मात्र वेळ वीस-वीस मिनिटांनी पुढे सरकत होती.

आई मधुमेही आहे. इन्सुलिन घेऊन जेवायला बसवावं आणि तेवढ्यात बोर्डिंग सुरू झालं तर? नाही घेतलं आणि तीन तास गेले तर? धुक्याबद्दल माझी तक्रार नाही. हाताशी असलेली माहिती दाबून ठेवण्याबद्दल आहे.

जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत उशिराची घोषणा करणाऱ्या वैमानिकावर एका प्रवाशानं हात उचलला. गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान मुंबईला वळवल्यावर त्यातले प्रवासी विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवले. त्यानंतर लगेच डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेनं, कंपन्यांना लेखी सूचना दिल्या: उशिराची अचूक, ताजी माहिती संकेतस्थळावर आणि मेसेजनं द्या, विमानतळावरही द्या, कर्मचाऱ्यांना प्रवाशांशी नीट बोलायला शिकवा. गेटवर मला यातलं काहीच दिसलं नाही.

रॅम्पवाला:
असहमत. काही वर्षं ग्राउंड हँडलिंगमध्ये, म्हणजे विमानाच्या जमिनीवरच्या कामांत, काढली आहेत, म्हणून लिहितो. गेटवरच्या मुलीला कंपनीच्या कंट्रोल सेंटरकडून स्क्रीनवर येतं तेवढंच माहीत असतं. धुक्यात उड्डाणाची वेळ एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) ठरवून देतं आणि ती मागेपुढे होते. कंपनी दुसरं विमान त्या फेरीला लावते, तेव्हा वेळ एकदम तासभर अलीकडे येते. 'अडीच तास उशीर' असं जाहीर केलं की अर्धं गेट रिकामं होतं. मग दहा जण सापडत नाहीत. त्यांच्या चेक-इन केलेल्या बॅगा सुरक्षेच्या नियमामुळे विमानाच्या पोटातून शोधून उतरवाव्या लागतात. तेवढ्यात मिळालेली वेळ हुकते आणि उरलेले दीडशे लोक पुन्हा रांगेच्या शेवटी.

आणखी एक. खरी वेळ सांगणाऱ्यालाच शिव्या बसतात. 'साडेआठ म्हणाला होतात ना?' म्हणत मोबाइलचा कॅमेरा तोंडासमोर धरतात. विशी-बाविशीतली पोरं असतात हो ती.

लोहगावकर:
मग दोन वेळा सांगा ना! 'सुटण्याचा अंदाज साडेआठ, पण साडेसातला सगळ्यांनी गेटवर हजर राहा.' एवढ्यानं आईचं जेवण झालं असतं. एसटी स्टँडवरचा कंट्रोलरसुद्धा 'साताऱ्याची गाडी अजून कात्रजला अडकलीय' एवढं सांगतो. त्या मुलीला शिव्या बसतात हे वाईटच आहे, पण तिच्या हाती माहिती न देता तिला पुढे उभं करणारे वर बसलेत.

साळगावची सून:
दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटतेय. मुंबईसह बऱ्याच विमानतळांवर आता लाउडस्पीकरच्या घोषणा अगदी कमी केल्यात. सगळी भिस्त फलकावर आणि मेसेजवर. माझ्या सासऱ्यांचं तिकीट म्हापशाच्या एजंटानं काढलं आणि मोबाइल नंबर स्वतःचा घातला. गेट बदलल्याचा, वेळ बदलल्याचा, सगळे मेसेज एजंटाला! कंपनीच्या लेखी त्यांना कळवलेलं होतं. ते आपले जुन्या गेटसमोर बसून. तिकीट हातात आलं की कंपनीच्या साइटवर जाऊन नंबर बदलून घ्या. आणि अशा माणसांसाठी गेटवर तोंडी घोषणा हवीच, मराठीत किंवा कोकणीत असेल तर फारच उत्तम.

हिशेबनीस:
मला यात पैशाचा वास येतो. डीजीसीएच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर होणार असेल तर खाणंपिणं द्यावं लागतं. सहा तासांच्या वर गेला तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. म्हणून तुकड्यातुकड्यानं सांगायचं.

रॅम्पवाला:
असं नसतं. उशीर मूळ वेळेपासून मोजतात. तुकडे केले म्हणून सँडविच वाचत नाही.

हिशेबनीस:
सँडविच राहू द्या. दुपारी चारलाच कळलं की आठशिवाय सुटत नाही, तर मुंबईचा माणूस दुसऱ्या कंपनीचं तिकीट बघेल, नाहीतर संध्याकाळची राजधानी गाठायला धावेल. वीस-वीस मिनिटांच्या आशेवर तो जागचा हलत नाही. प्रवासी टिकून राहण्यात फायदा कोणाचा?

रॅम्पवाला:
हा मुद्दा खोडता येत नाही. येणारं विमान कुठे आहे हे फलकावर दाखवायलाही माझी ना नाही, काही कंपन्या आपल्या ॲपवर दाखवतातच. पण लोहगावकर, तुमच्या त्या साडेसातला पाच जण आलेच नाहीत आणि विमान आठला निघायला तयार झालं, तर त्यांना सोडून जायला तुमची संमती आहे का? परतावा न देता?