‘माथेफिरू होता’ म्हटलं की चौकशी संपली? (व्हर्जिनिया टेक, १६ एप्रिल २००७)

अनघा_रिचमंड

मुलांना शिकायला अमेरिकेत पाठवावं का, या कालच्या चर्चेत डॅलसकरांनी व्हर्जिनिया टेकचा, म्हणजे त्या विद्यापीठात चो नावाच्या विद्यार्थ्याने गोळ्या घालून बत्तीस जणांना मारलं त्या प्रकरणाचा, निकाल दोन वाक्यांत लावला. ‘एक माथेफिरू होता, त्यापुढे विद्यापीठ काय करणार? वर्गात एकाकडे जरी पिस्तूल असतं तर बत्तीस जीव वाचले असते.’ तिथेच उत्तर द्यायला बसले होते, पण लिहिता लिहिता हात थांबेना. म्हणून वेगळा धागा.

चो काही अचानक उगवला नव्हता. २००५ मध्ये त्याला शिकवणाऱ्या कवयित्री निक्की जियोव्हानींनी स्पष्ट सांगितलं होतं की या मुलाला माझ्या वर्गातून काढा, नाहीतर मी राजीनामा देते. मग विभागप्रमुख ल्युसिंडा रॉय त्याला एकट्याला बसवून शिकवू लागल्या आणि एकेका कार्यालयाला कळवत राहिल्या. त्याच हिवाळ्यात दोन मुलींनी त्याच्या संदेशांबद्दल पोलिसांकडे तक्रार केली. पोलीस समज देऊन गेल्यावर तो जीव देण्याची भाषा करू लागला, म्हणून त्याला एक रात्र मनोरुग्णालयात ठेवलं. १४ डिसेंबरला विशेष न्यायाधीशांनी ‘स्वतःच्या जिवाला धोका’ असं नोंदवून बाहेरून उपचार घेण्याचा आदेश दिला. पुढे तो उपचाराला गेला की नाही, हे कोणी पाहिलं नाही.

असा आदेश झालेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक विकता येत नव्हती. पण व्हर्जिनिया राज्य रुग्णालयात दाखल करण्याचे आदेश तेवढे केंद्राकडे कळवायचं, बाहेरून उपचारांचे नाही. त्यामुळे २००७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याने दोन पिस्तुलं घेतली आणि दोन्ही वेळा पार्श्वभूमीच्या तपासणीत काहीच निघालं नाही.

आणि ते दोन तास. सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. पोलिसांनी घरगुती भांडण समजून मृत मुलीच्या मित्राचा माग काढला. विद्यापीठाची पहिली ईमेल ९:२६ ला निघाली, तीही ‘सावध राहा’ एवढीच. मधल्या वेळात चो पोस्टात जाऊन वृत्तवाहिनीला पाकीट टाकून आला. मग नॉरिस हॉल या वर्गांच्या इमारतीची दारं साखळ्यांनी बांधून त्याने दहा-अकरा मिनिटांत तीस जणांना मारलं. या सगळ्याला ‘काय करणार’ म्हणायचं?

डॅलसकर

ताई, माहिती बरोबर आहे, निष्कर्ष चुकलाय. दोन कुटुंबं कोर्टात गेली, ज्युरीने त्यांच्या बाजूने कौल दिला, पण २०१३ मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. असं दुसरं काही घडेल याचा अंदाज करता येण्यासारखी परिस्थिती नव्हती, असं म्हटलं. हे मी म्हणत नाही, न्यायमूर्ती म्हणतात.

पिस्तुलाचंही बोलतो. माझ्या मेहुण्याचा पेट्रोल पंप आहे. रात्री अकराला दोघं आत आले आणि गल्ल्यावर बंदूक ठेवली. पोलीस यायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत तो थंडगार फरशीवर पालथा पडून होता, डोक्यामागे बूट. तेव्हापासून आमच्या घरात पिस्तूल आहे आणि मला त्याची लाज नाही. १९६६ ला ऑस्टिनमधल्या टेक्सास विद्यापीठाच्या टॉवरवरून गोळीबार झाला तेव्हा लोकांनी घरून रायफली आणून खालून गोळ्या झाडल्या, त्यामुळेच त्याला कठड्याआड दबून राहावं लागलं. हे तुम्ही सांगणार नाही.

अनघा_रिचमंड

सांगते. घडलं ते खरं आहे, आणि त्याचा उपयोग झाला हेही मान्य. पण तो मोकळ्या आवारातला टॉवर होता, शेवटी वर चढून त्याला मारलं ते पोलिसांनी. नॉरिसच्या बंद वर्गात, बाकांमध्ये, कोण कोणावर नेम धरणार होतं? आणि कोर्टाचं म्हणाल, तर केंद्रीय शिक्षण खात्याने इशारा उशिरा दिल्याबद्दल याच विद्यापीठाला दंड केला, तो त्यांनी २०१४ मध्ये भरला. तेही लिहा की.

ड्रिलफील्ड

मी तेव्हा तिथे एम.एस. करत होतो. या विषयावर लिहायचं टाळतो, पण आता राहवत नाही.

त्या दिवशी एप्रिल असून बोचरा वारा होता, मधूनच बर्फ भुरभुरत होता. वारा इतका होता की जखमींसाठी हेलिकॉप्टर उडवता आलं नाही. ९:२६ ची ईमेल मी वाचली, वसतिगृहातलं काहीतरी आहे असं समजून जॅकेट चढवलं आणि प्रयोगशाळेकडे निघालो. डॅलसकर, मला त्या क्षणी पिस्तूल नको होतं. ‘मारेकरी सापडलेला नाही, बाहेर पडू नका’ एवढी एक ओळ हवी होती. ती आली ९:५० ला. तोवर सगळं होऊन गेलं होतं.

प्रा. लोगनाथन यांचा जलविज्ञानाचा वर्ग मी आदल्या वर्षी केला होता. तमिळनाडूचे, फार मऊ बोलायचे. त्या सकाळी ते नॉरिस हॉलच्या २०६ क्रमांकाच्या वर्गात शिकवत होते. शेजारी २०४ मध्ये शहात्तर वर्षांचे लिब्रेस्कू सर दार अंगाने दाबून उभे राहिले, मुलं खिडकीतून उड्या मारत होती. छळछावणीच्या काळातून वाचलेला माणूस. मेलेल्यांत मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला आलेली एक मुलगीही होती. माझे वडील सोलापुरात टीव्हीवरची पट्टी वाचत बसले होते आणि फोन लागत नव्हता. संध्याकाळी लागला तेव्हा ते फक्त ‘हां, हां’ म्हणत राहिले.

मास्तर_सांगली

वाचून गलबललो. तरी एक बोलतो, राग मानू नका. बत्तीस सगळे म्हणतात, पण चो धरून मेले तेहतीस. नंतर विद्यापीठाच्या बरिस हॉल या इमारतीपुढे मुलांनी अर्धवर्तुळात दगड मांडले. एका विद्यार्थिनीने चोसाठी तेहतिसावा ठेवला, तो कोणीतरी उचलून नेला. कायमच्या स्मारकातही बत्तीसच आहेत. मला त्या मुलीचं पटतं. एकतीस वर्षं शिकवलं मी. मागच्या बाकावरचा न बोलणारा मुलगा आपल्याला नकोसा होतो, त्याची फाईल ह्या टेबलावरून त्या टेबलावर जाते. चोला शाळेत असताना निवडक मौनाचं (काही ठिकाणी बोलताच न येण्याच्या विकाराचं) निदान होऊन सवलती मिळाल्या होत्या, विद्यापीठापर्यंत ते पोचलंच नाही. तोही कोणाचा तरी मुलगा होता.

ड्रिलफील्ड

सर, तो दगड मी पाहिलाय. कळल्यावर पोटात ढवळलं. ज्याने साखळ्या विकत आणून दारं बांधली त्याचं नाव माझ्या सरांच्या ओळीत? कोणी उचलला माहीत नाही, पण उचलला तेव्हा मला बरं वाटलं. तुमचा मागचा बाक तुमच्यापाशी ठेवा.

नीरा_नाशिक

मास्तरांचं बरोबर आहे. त्याचे आईवडील कोरियाहून येऊन ड्रायक्लीनिंगच्या दुकानात राबले. बहिणीने कुटुंबाच्या वतीने माफी मागितली. त्यांनी कुठे जाऊन रडायचं?

डॅलसकर

घरी रडावं! हे काय चाललंय? मारणाऱ्याला दगड आणि मेहुण्याच्या डोक्यामागे बूट ठेवणाऱ्यालाही उद्या फुलं वाहा. या एका बाबतीत मी पूर्ण ड्रिलफील्डबरोबर.

मास्तर_सांगली

फुलं कोण वाहतंय? आवाज चढवू नका. आठवण ठेवणं म्हणजे माफ करणं नव्हे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने वसतिगृहात गळफास घेतला. आधी तीन आठवडे तो वर्गात येऊन नुसता बसायचा, वही उघडायचा नाही. मी रेक्टरना चिठ्ठी लिहिली आणि माझं काम झालं असं समजलो. ती चिठ्ठी नंतर त्यांच्या खणात सापडली, घडीसकट. त्याने दुसऱ्या कोणाला इजा केली नाही, हे खरं. पण मला तेहतिसावा म्हटलं की ती घडी दिसते.

ड्रिलफील्ड

सर, हे आधी सांगायला हवं होतंत. मी जरा जास्तच बोललो. दगडाबद्दल मत बदलत नाही. त्याच्यासाठी वेगळी जागा असेल तर असो, त्या ओळीत नको.

अनघा_रिचमंड

मीही दगडाच्या विरुद्ध आहे. पण मास्तरांची चिठ्ठी हाच माझा मूळ मुद्दा आहे. २००८ मध्ये व्हर्जिनियाने प्रत्येक सरकारी विद्यापीठात धोका ओळखणारं पथक सक्तीचं केलं. प्राध्यापक, पोलीस, समुपदेशक एका टेबलाशी बसतात, म्हणजे चिठ्ठ्या वेगवेगळ्या खणांत पडून राहत नाहीत. टिम केन यांनी राज्यपाल असताना त्याआधीच, २००७ च्या एप्रिलमध्येच आदेश काढून बंदुकीची ती पळवाट बुजवली. म्हणजे करता येत होतं, डॅलसकर. बत्तीस जण गेल्यावर दोन आठवड्यांत केलं.

डॅलसकर

पळवाट बुजवली ते चांगलं केलं, मान्य. न्यायाधीशाचा आदेश असलेल्याला बंदूक मिळू नये, हे मीही म्हणतो, माझ्या क्लबात सगळेच म्हणतात. माझ्याकडची काढून घ्या म्हणू नका, एवढंच.

अनघा_रिचमंड

तुमची काढा असं मी कुठे लिहिलंय, दाखवा.

नीरा_नाशिक

भांडण बाजूला ठेवा, मला वेगळंच सांगायचंय. १३ फेब्रुवारी २०२३ ला मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार झाला तेव्हा माझा भाचा तिथे होता. तिकडे रात्र, इकडे १४ ची सकाळ. मी दुधाचं पातेलं चढवलं होतं. त्याचा मेसेज आला : ‘मावशी, दिवा बंद करून कपाटामागे बसलोय. आईला आत्ता सांगू नको.’ दूध उतू जाऊन गॅस विझला, मला पत्ता नाही. तिथे पहिला फोन पोलिसांना ८:१८ ला गेला आणि मुलांच्या फोनवर ‘पळा, लपा, लढा’ ८:३१ ला आलं. तेरा मिनिटं. तरी तिघं गेली. मारणारा त्रेचाळीस वर्षांचा, विद्यापीठाशी काडीचा संबंध नसलेला. अनघा, तुझं ते पथक त्याला कसं ओळखणार होतं?

अनघा_रिचमंड

नसतं ओळखलं, नीराताई. पण तुमच्या भाच्याला दिवा बंद करायला कोणीतरी वेळेत सांगितलं. ड्रिलफील्डना कोणी सांगितलं नव्हतं, ते जॅकेट चढवून बाहेर पडले होते. भाचा कसा आहे आता?

नीरा_नाशिक

पास झाला. नोकरी करतो. वर्गात किंवा हॉटेलात दाराकडे पाठ करून बसत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.