कंपनांच्या ऊर्जेचं 'आकलन' की 'अंदाज'?

पलूस, जि. सांगली
गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या टर्बाईन हॉलचा स्लॅब पायाखाली झिणझिणतो. त्याचा अहवाल मराठीत द्यायचाय. मसुद्यात सहकाऱ्यानं लिहिलंय, 'स्लॅबच्या कंपन-ऊर्जेचे आकलन करण्यात आले.' मला 'आकलन' खटकतंय. 'मोजमाप' लिहू का?

कऱ्हाड
'आकलन' काढाच. अंदाज बांधणे हा त्याचा हिंदीतला अर्थ. आपल्याकडे आकलन म्हणजे समजणं. 'त्याची आकलनशक्ती चांगली आहे' म्हणतो तेच.

पण 'मोजमाप'ही लिहू नका, कारण ऊर्जा तुम्ही मोजलेलीच नाही. स्लॅबवर पिकअप (कंपनं टिपणारा संवेदक) ठेवून मोजला तो वेग. ऊर्जा त्यावरून काढली: वस्तुमानाच्या निम्मे गुणिले वेगाचा वर्ग. आणि खरी अडचण वस्तुमानाची आहे. स्लॅब सगळीकडे सारखा हलत नाही. मधोमध जास्त, तुळयांपाशी जवळजवळ नाहीच. मग हलणारं वस्तुमान किती धरायचं? समजा २० टन धरलं आणि मीटरवर आरएमएस (म्हणजे एक प्रकारचा सरासरी) वेग सेकंदाला ५ मि.मी. आला. शिखरवेग, म्हणजे हेलकाव्यातला कमाल वेग, साधारण ७ मि.मी., आणि ऊर्जा निघते अर्धा ज्यूल. किलोभर साखर पाच सेंटीमीटर उचलायला लागते तेवढीच! ३० टन धरले असते तर दीडपट आली असती. एवढं गृहीतकावर अवलंबून असलेल्या आकड्याला 'अंदाज' हाच प्रामाणिक शब्द. आपल्या बांधकामवाल्यांचं 'अंदाजपत्रक' काही कमी दर्जाचा कागद नसतो, तेव्हा संकोच नको.

पलूस, जि. सांगली
पटलं. पण अर्धाच ज्यूल? मग 'कंपनांची शक्ती' लिहिलं तर चालेल का, जरा वजन येईल.

कऱ्हाड
नाही हो, शक्ती म्हणजे दर सेकंदाची ऊर्जा, ती वेगळी. पण प्रश्न कामाचा आहे. टर्बाईनचा जनित्र मिनिटाला १५०० फेऱ्यांनी चालतो, म्हणजे स्लॅब सेकंदाला २५ वेळा हलतो. दर हेलकाव्यात साठलेल्या ऊर्जेचा काही भाग काँक्रीटमध्ये, सांध्यांत उष्णता होऊन विरतो. तो चौथा हिस्सा धरला तर मशीनला सेकंदाला सुमारे ३ ज्यूल, म्हणजे ३ वॅट, पुरवत राहावं लागतं. अहवालात दोन्ही आकडे द्या: 'साठलेली ऊर्जा' आणि 'विरणारी शक्ती'. विरणं हा शब्द इथे चपखल बसतो.

पाटण, जि. सातारा
याच ओघात 'तीव्रता' शब्दाबद्दल. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाबद्दल अजूनही 'अमुक रिश्टर तीव्रतेचा' असं छापतात. तीव्रता ठिकाणागणिक बदलते. कोयनानगरला घरं कोसळली, मुंबईपर्यंत धक्का जाणवला. भूकंप एकच, सुटलेली ऊर्जा एकच. रिश्टरचा आकडा भूकंपाच्या मोठेपणाचा. तो एकाने वाढला की नोंदीतला झोका दहापट आणि ऊर्जा सुमारे ३२ पट. आमच्या भागात ज्यांनी ती पहाट सोसली, त्यांच्या गावाची तीव्रता वेगळी सांगायलाच हवी.

कऱ्हाड
अगदी बरोबर. पलूसकर, तुम्हीही 'कंपनाची तीव्रता' लिहिलं असेल तिथे वेग की विस्थापन (स्लॅब जागेवरून किती सरकला) ते स्पष्ट लिहा, आणि पिकअप स्लॅबवर कुठे ठेवला होता तेही.