रात्रीचे ओरडणे केवळ वयामुळे नसते
मांजर १३ वर्षांचे झाले म्हणून रात्री ओरडते, असे आपण लिहिले आहे. मात्र केवळ वयावर बोट ठेवून थांबू नये, अशी कळकळीची विनंती. कोथरूडच्या आमच्या घरातली मनी अशीच ओरडत असे आणि भरपूर खाऊनही रोडावत होती. तिच्या खाण्यापिण्याची १५ दिवसांची नोंद व मोबाइलवरचे चित्रण पाहिल्यावरच डॉक्टरांनी थायरॉइडची रक्ततपासणी करून रक्तदाबही मोजला. थायरॉइडचे संप्रेरक (हार्मोन) वाढलेले निघाले; ओरडण्याचे आणि रोडावण्याचे मूळ तिथे होते. दवाखान्यात मांजर भेदरून गप्प बसते, त्यामुळे घरातले वागणे डॉक्टरांना दिसतच नाही. रक्तदाबाची तपासणी टाळू नये, कारण तो फार वाढल्यास मांजराची दृष्टी अचानक जाऊ शकते.