'फंकी' ब्लूज म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे फंकी म्हणजे भडक शर्ट नाहीतर रंगवलेले केस. मग ब्लूज गिटारवाला अल्बर्ट किंग, त्याच्या १९६७ च्या 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' या अल्बमला लोक फंकी ब्लूज का म्हणतात? भडक तर काहीच नाहीये त्यात. मराठीत काय म्हणायचं, ठसकेबाज?

---

ठसकेबाज नको राव, ते लावणीला राहू द्या :) फंक म्हणजे मुळात वास, घामाचा कुबट वास, आणि काळ्या अमेरिकन संगीतकारांनी तोच शब्द कौतुकाने वापरला, म्हणजे जे गुळगुळीत नाही, ज्याला अंगाचा वास आहे ते फंकी. जॅझवाल्यांकडे तर पियानोवाल्या होरेस सिल्व्हरचं 'ओपस द फंक' १९५३ चंच आहे.

आता ही रेकॉर्ड झाली मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत, जुनं सिनेमा थेटर होतं ते, आणि मागे साथीला स्टॅक्सचा बँड बुकर टी आणि एमजीज, म्हणजे सोल गायक ओटिस रेडिंगला साथ करणारी तीच मंडळी. शिकागोच्या ब्लूजवाल्यांचा ठेका बऱ्याचदा झुलता असतो, टायटल साँगमध्ये तो झोकाच काढून टाकलाय, डक डनचा बेस आणि गिटार मिळून एकच तुकडा घोळवत बसतात, अल जॅक्सन ड्रमवर एक ठोका जास्तीचा मारत नाही आणि ठोक्यांच्या मधे जी जागा सुटते ना तिथेच मान हलायला लागते. फंकी ते.

---

मग 'ठेकेदार ब्लूज' म्हणा ;)

---

लोक टेंडर विचारतील.

---

'रांगडा' कसा वाटतो?

---

किंगच्या गिटारला चालेल. माणूस डावखुरा, उजव्या हाताची फ्लाइंग व्ही (इंग्रजी V च्या आकाराची गिटार) उलटी धरायचा, तारांचा क्रम न बदलता, त्यामुळे बारीक तारा वर यायच्या आणि तो त्या खाली ओढायचा, सतारीवर तार खेचून मींड काढतात तसं काहीसं. सूर मोजकेच पण एकेक पिळून काढलेला. पण साथीला रांगडं कसं म्हणणार, एवढी काटेकोर साथ! एरिक क्लॅप्टनच्या क्रीम या रॉक बँडनं १९६८ मध्ये हेच टायटल साँग केलंय, तो खरा रांगडेपणा, दणदणीत आहे पण फंकी अजिबात नाही (माझं मत, क्लॅप्टनवाल्यांनी भांडू नये). तेव्हा फंकीच ठेवा, शर्टासाठी 'भडक' आहेच की.

---

ओके पटलं. अजून कुठलं ऐकू त्यातलं?

---

'क्रॉसकट सॉ'. हेडफोन लावून फक्त ड्रम ऐका.