भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं रंगीत छत नीट कसं बघायचं?

कागद_पेन्सिल: भायखळ्याला जायचंय. मांडलेल्या वस्तूंपेक्षा छताच्या रंगकामात जास्त रस आहे. ती भित्तिचित्रं म्हणायची की नुसती नक्षी? बघायची कुठून? आणि भेटीचा वार कोणता धरू? सोबत आई आहे, तिला जिने फार जमत नाहीत.

राणीबाग_शेजारी: बुधवारी बंद असतं, तो वार सोडून जा. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरा, संग्रहालय राणीबागेच्या आवारात आहे. इमारत 1872 ची, बाहेरून साधी. खरं वैभव आत आहे. आईंना तळमजल्यावरच बिडाचे खांब, कठडे आणि सोनेरी काम निवांत बघता येईल. तुम्ही मात्र वर जाच. मधला भाग मोकळा असल्याने वरच्या सज्जातून छत खूप जवळ येतं. छोटी दुर्बीण असेल तर न्या. फ्लॅश नको, सोनेरी भागावर नुसता पांढरा डाग येतो.

चुना_गिलावा: छतावर आहे ती स्टेन्सिलची नक्षी, म्हणजे कापलेला साचा ठेवून त्यातून रंगवलेली. फ्रेस्को हा भित्तिचित्राचा प्रकार वेगळा: त्यात ओल्या चुन्यावरच रंग लावतात आणि चुना वाळताना रंग त्यात पक्का होतो. स्टेन्सिल ओळखायचं तर एकच फूल ओळीने बघत जा. आकार तोच, पण जिथे साचा उचलून पुढे ठेवला तिथे रेघ किंचित सरकलेली दिसते. सोन्याचंही तसंच. खरा वर्ख काळवंडत नाही. पितळी भुकटीचा रंग त्यातल्या तांब्यामुळे तपकिरी पडतो.

मुंबईत अशा कामाचा खरा शत्रू ओल. गच्चीतून झिरपलेलं पाणी गिलाव्यातले क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार रंगाच्या मागे स्फटिक होऊन बसतात आणि पोपडे सुटतात. त्यावर प्लॅस्टिक पेंट मारणं म्हणजे ओल आत कोंडणं. आधी गळती बंद करायची, भिंत पूर्ण वाळू द्यायची, मग चुन्यानेच भरायचं आणि जेवढा रंग गेलाय तेवढ्याच जागी रंग लावायचा. या वास्तूचं 2003 ते 2008 मधलं जतनकाम म्हणूनच डोळे भरून बघण्यासारखं आहे. 2005 साली त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला.

कागद_पेन्सिल: खूप आभार! त्याच दिवशी फोर्टातलं एनजीएमए (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय) जमेल का?

राणीबाग_शेजारी: जमेल, फक्त ते सोमवारी बंद असतं. ती इमारतही जुनी, 1911 चा जहांगीर हॉल, पण आतली दालनं नव्याने बांधलेली आहेत, तिथे जुनं रंगकाम शोधू नका. बागेतून निघण्याआधी संग्रहालयाबाहेरचा घारापुरीचा दगडी हत्ती बघा. 1864 मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना तो फुटला होता. तुकडे जोडल्याचे सांधे अंगावर दिसतात.